नोकर हा शब्द कुठून आला? तेमुजिनचा चंगीझ खान होताना

माळरान

नोकर, नोकरी, नोकरदार. दिवसातून किती वेळा हे शब्द आपल्या तोंडात येतात! फारसीतून मराठीत आले एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण फारसीतही हा शब्द पाहुणाच आहे. त्याचं माहेर मंगोल भाषेत, शब्द 'नोकोर'. तिथे त्याचा पगाराशी काही संबंध नव्हता. आपलं कूळ, आपली भावकी सोडून स्वतःच्या मर्जीनं एखाद्याच्या पाठीशी उभा राहिलेला साथी म्हणजे नोकोर.

हा शब्द कळल्यापासून चंगीझ खानाची चढती कमान मला वेगळी दिसायला लागली. आपल्याकडे त्याच्याबद्दल बोलणं निघालं की घोडे, धनुष्य आणि कत्तली यापलीकडे जात नाही. पण घोडे आणि धनुष्य त्या गवताळ प्रदेशातल्या प्रत्येक टोळीकडे होते. मग तोच का? माझं उत्तर असं, की भाऊबंदकीनं त्याला लहानपणीच जाळलं होतं आणि तो उभा राहिला तो नोकोरांच्या जिवावर.

जन्म साधारण ११६२चा, ओनोन नदीच्या काठचा, आजच्या मंगोलियाच्या ईशान्येला. बाप येसुगेई, बोर्जिगिन कुळातला लढवय्या. पोर नऊ वर्षांचं झाल्यावर सोयरीक जमवायला तो त्याला ओंगिरात लोकांकडे घेऊन गेला. देई सेचेनची मुलगी बोर्ते दहा वर्षांची. सोयरीक ठरली. तेमुजिनला सासरवाडीतच ठेवून बाप निघाला आणि निघताना सांगून गेला की माझं पोर कुत्र्यांना भितं, सांभाळा. परतीच्या वाटेवर तातार या वैरी टोळीनं त्याला खाण्यातून विष घातलं.

मग तायचिउत भावकीनं विधवा होएलुन आणि तिच्या लेकरांना मागे टाकून तळ हलवला. हे वाळीत टाकण्यापेक्षा वाईट. वाळीत टाकलेल्याला निदान घर राहतं, शेत राहतं. इथे माणसं आणि जनावरं निघून गेली की मागे फक्त वारा. होएलुननं रानफळं वेचून, रानकांदे आणि कंद उकरून पोरं जगवली. पोरं ओनोनमध्ये गळ टाकून मासे धरायची. त्या उपासमारीत मासा आणि चंडोल हिसकावून घेतल्यावरून तेमुजिन आणि धाकटा खसार या दोघांनी सावत्र भाऊ बेख्तेरला बाणांनी मारलं. आईनं दोघांना जे काही फैलावर घेतलं, ते 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या ग्रंथात वाचताना आजही अंगावर काटा येतो. आपल्याला सावलीशिवाय सोबती उरला नाही आणि तुम्ही हे केलंत, असा तिचा आक्रोश होता.

पुढे तायचिउतांचा म्होरक्या तारगुताई यानं तेमुजिनला पकडून गळ्यात लाकडी खोडा घातला. रोज नव्या घरी मुक्काम. एका रात्री सगळे मेजवानीत असताना त्यानं पहारेकरी पोराच्या डोक्यात तोच खोडा हाणला आणि नदीच्या पाण्यात फक्त तोंड वर ठेवून पडून राहिला. शोधणाऱ्यांपैकी सोरखान शिरा नावाच्या एकानं त्याला पाहिलं आणि बोलला नाही. हा तायचिउतांच्या पदरी राबणारा माणूस. त्याच्या घरी रात्रभर घोडीचं दूध घुसळायचं काम चाले. तेमुजिननं अंधारात त्या घुसळण्याच्या आवाजावरून त्याचा तंबू हुडकला. बाप घाबरला, पण पोरांनी खोडा तोडून जाळला आणि तेमुजिनला लोकरीच्या गाडीत लपवलं. झडती घेणारे गाडीतली लोकर उपसायला लागले, तेव्हा सोरखान शिरा म्हणाला, या असल्या उकाड्यात लोकरीत माणूस टिकेल का? ते निघून गेले.

सख्ख्या भावकीनं खोडा घातला, परक्याच्या पोरांनी तोडला. ही गाठ त्याच्या मनातून कधीच सुटली नाही असं मला वाटतं.

नंतर घरचे आठ घोडे चोरीला गेले. माग काढत जाताना एक तरुण घोड्या दोहताना भेटला, बोओर्चु. चौकशी झाली आणि त्यानं दुधाची चामड्याची भांडी तिथेच गवतात झाकून ठेवली, बापाला सांगायलाही घरी गेला नाही, तेमुजिनला ताजा घोडा दिला आणि सोबत निघाला. घोडे मिळाल्यावर वाटा देऊ केला तर नाही म्हणाला. हा त्याचा पहिला नोकोर. दुसरा जेल्मे, एका लोहाराचा मुलगा. पुढे दरवाजाच्या आतबाहेर करणारी हीच माणसं सेनापती झाली.

आता दुसरी बाजू बघा. १२०२मध्ये तातारांवर चढाई करताना त्यानं हुकूम काढला की लढाई पुरती संपेपर्यंत लुटीला कुणी हात लावायचा नाही, वाटणी नंतर सगळ्यांची मिळून. मोडला कुणी? त्याचा चुलता दारिताई आणि भावकीतले आल्तान नि खुचार यांनी. त्यानं त्यांची लूट काढून घेतली. आल्तान आणि खुचार थेट शत्रूच्या गोटात गेले. पुढच्याच वर्षी केरेइत टोळीच्या ओंग खानानं, ज्याला तो बापाच्या जागी मानत होता, त्याला सोयरिकीच्या मेजवानीला बोलावून पकडायचा बेत केला. तो बेत फोडला बदाई आणि किशिलिक या दोन घोडेवाल्यांनी. दूध पोचवायला गेलेल्या बदाईच्या कानावर बोलणं पडलं आणि दोघे रातोरात धावत आले.

१२०६ साली ओनोनच्या उगमापाशी कुरुलताई, म्हणजे टोळ्यांची मोठी सभा, भरली. नऊ शेपट्यांचं पांढरं निशाण उभं राहिलं आणि तेमुजिनला चंगीझ खान हे बिरुद मिळालं. त्या दिवशी त्यानं आपल्या माणसांची फेरमांडणी केली. दहा, शंभर, हजार, दहा हजार अशा तुकड्या. पंच्याण्णव हजारी तुकड्या झाल्या आणि त्यांच्या प्रमुखांत बदाई आणि किशिलिक होते. कालपर्यंत घोडे राखणारे! हरलेले केरेइत आणि नायमान या तुकड्यांत विखरून टाकले. आपली तुकडी सोडून दुसरीकडे जायला बंदी, सजा मृत्यूची. कुळांचा कणा त्यानं तिथे मोडला.

माझ्या मते साम्राज्य उभं राहिलं ते या दिवशी. पेकिंग, बुखारा, समरकंद हे सगळं त्यानंतरचं.

रातराणी७

फार आवडलं. एक शंका, चुकीची असेल तर सांगा. खान म्हणजे तो मुसलमान होता ना? आमच्याकडे सगळे तसंच समजतात.

माळरान

नाही. खान ही गवताळ प्रदेशातली, इस्लाम तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीची पदवी. तो तेंगरीला, म्हणजे निळ्या आभाळाला मानायचा आणि बुरखान खालदुन डोंगराची पूजा करायचा. संकटातून वाचल्यावर कंबरपट्टा गळ्यात टाकून, टोपी हातात घेऊन सूर्याकडे तोंड करून तो नऊ वेळा वाकला होता. ओंग खानाच्या केरेइतांमध्ये तर ख्रिस्ती पुष्कळ होते. त्याच्या वंशजांपैकी काही घराणी नंतर मुसलमान झाली, ती गोष्ट वेगळी.

काटेसावर

लोकरीच्या गाडीचा प्रसंग वाचून राहवलं नाही. आमच्या घरी मेंढरं होती. कातरणी झाली की लोकर पोत्यात भरायच्या आधी खोलीत ढीग पडायचा. लहानपणी लपाछपी खेळताना मी एकदा त्या ढिगात शिरलो होतो. लोकर नुसती गरम नसते. तेलकट असते, अंगाला चिकटते, बारीक केस नाकात जातात, शिंक दाबून धरावी लागते आणि मेंढराच्या घामाचा वास घशापर्यंत उतरतो. मी शंभर आकडेही मोजू शकलो नाही. गाडीची झडती होईपर्यंत हलायचं नाही, खोकायचं नाही, आणि वर लोकर उपसणारे हात जवळजवळ येताहेत! ज्यानं हा प्रसंग सांगितला त्याला लोकर ठाऊक होती, हे नक्की.

होकायंत्र

लेख चांगला आहे, पण सगळं श्रेय नोकोरांना देणं मला पटत नाही. हवामान विसरताय. मध्य मंगोलियात जुन्या लाव्हावर वाढलेल्या सायबेरियन पाइन झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी हजारांहून अधिक वर्षांचा पावसाचा हिशेब लावला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. १२११ ते १२२५ ही सलग वर्षं तिथे नेहमीपेक्षा उबदार आणि ओली होती. म्हणजे गवत भरपूर, म्हणजे घोडे भरपूर. मंगोल स्वार मोहिमेवर एकापेक्षा जास्त घोडे घेऊन निघायचा. चारा नसता तर बोओर्चुची निष्ठा खाऊन घोडे जगले नसते.

माळरान

मुद्दा रास्त आहे आणि तो मी लेखात घ्यायला हवा होता. पण साल बघा. ओली वर्षं १२११पासूनची, कुरुलताई १२०६ची. त्याच झाडांनी ११८० आणि ११९०च्या दशकांत कडक दुष्काळही नोंदवला आहे. तेमुजिन जमवाजमव करत होता ती नेमकी हीच वर्षं. गवत कमी पडलं की टोळ्या एकमेकींच्या कुरणांत घुसणार, घोडे चोरणार, जुनी नाती तुटणार. अशा काळात भावकीला धरून राहणारा बुडाला आणि ठेच खाऊन नवी माणसं जोडणारा तरला. चिनी सरहद्दीपासून इराणपर्यंत मजल गेली त्यात पावसाचा वाटा आहेच, मान्य. पण पाऊस शेजारच्या टोळीवरही पडतो.

जोगवा

सगळी चर्चा पुरुषांच्या मैत्रीवर चालली आहे म्हणून लिहिते. होएलुन काढून टाकली तर या गोष्टीत काय उरतं? नवरा मेला, भावकी गेली, पदरात पोरं. त्या बाईनं त्यांना जगवलंच, शिवाय पुढे चार परकी पोरंही वाढवली. जिंकलेल्या तळांवर सापडलेली अनाथ पोरं आणून तिच्या ओटीत घातली होती: एक मर्किताचं, एक तायचिउतांच्या तळावरचं, एक तातारांचं, एक जुरकिनांचं. चारही शत्रूकडची. त्यातलं तातारांचं पोर शिगी खुतुखु. १२०६ साली चंगीझ खानानं त्याला मुख्य न्यायाधीश नेमलं आणि निवाडे निळ्या वहीत लिहून ठेवायला सांगितले. ज्या तातारांनी नवऱ्याला विष घातलं त्यांच्या पोराला तिनं दूधभात भरवावा तसं वाढवलं. नोकोर जोडायची रीत मुलानं आईच्या ओटीवरूनच उचलली, असं माझं म्हणणं आहे.

आणि बोर्ते. मर्कित टोळीनं तिला पळवून नेलं, कारण येसुगेईनं होएलुनला मुळात एका मर्किताकडूनच पळवली होती. म्हणजे एका पिढीचं देणं दुसऱ्या पिढीतल्या बाईनं फेडलं. तिला सोडवायला ओंग खान आणि तेमुजिनचा मानलेला भाऊ जामुखा फौज घेऊन आले. ती ओंग खानाची मर्जी कशावर मिळाली होती? बोर्तेच्या माहेरून आलेल्या काळ्या सेबलच्या फरच्या डगल्यावर! तेमुजिननं तो नजराणा म्हणून दिला होता. रात्रीच्या त्या धुमाळीत पळणाऱ्या गाड्यांमधून बोर्ते उतरली आणि चांदण्यात तिनं त्याच्या घोड्याचा लगाम ओळखून हातात धरला. पुढे जामुखापासून वेगळं व्हा हा सल्ला तिचाच. तो त्यानं त्याच रात्री ऐकला.

माळरान

जोगवा, ओटीवरून उचललेली रीत हे मला सुचलं नव्हतं. तुमचं म्हणणं मनापासून पटलं. बोर्ते परतल्यावर लवकरच थोरला जोची जन्मला आणि त्याच्या जन्मावरून भावांनी पुढे त्याला टोचलं. चंगीझ खानानं मात्र त्याला कायम आपला थोरला म्हणूनच वागवलं. रक्तापेक्षा मानणं मोठं, हे त्यानं घरातही पाळलं.

तळटीप

इतका वेळ गप्प होतो. पण या धाग्यात जे चाललं आहे त्यानं अस्वस्थ व्हायला होतं. निष्ठा, मैत्री, आईची ओटी, सगळं खरं. त्याच १२०२ साली तातारांचं काय केलं ते कुणीच लिहिलं नाही. गाडीच्या आसाच्या खिळीपेक्षा उंच असलेला प्रत्येक पुरुष मारायचा असं ठरलं. डोळ्यांसमोर आणा. एक गाडी उभी आहे, चाकाशेजारी पोरगं उभं करतात आणि खिळीवरून त्याचं जगणं ठरतं. शिगी खुतुखु वाचला कारण तो आधीच, लहान असताना सापडला होता.

मग ख्वारज्म, मध्य आशियातलं सुलतानी राज्य. सुरुवात सुलतान मुहम्मदाच्या बाजूनं झाली हे कबूल. १२१८ साली ओत्रारच्या सुभेदारानं साडेचारशे व्यापाऱ्यांचा मंगोल तांडा हेर ठरवून कापला, जाब विचारायला आलेल्या वकिलाला सुलतानानं मारलं. पण त्याची किंमत कुणी दिली? १२२१ साली मर्व, निशापूर, उरगेंच. फारसी तवारीखकारांनी दिलेले मेलेल्यांचे लाखांचे आकडे त्या शहरांच्या वस्तीत मावत नाहीत, ते सोडून द्या. तरीही खुरासान प्रांत पुढची कित्येक वर्षं उठला नाही. बामियानला नातू मुतुगेन मारला गेला म्हणून ते अख्खं ठिकाण उजाड केलं, कुत्र्यामांजरापर्यंत. नोकोर जोडणाऱ्याचं गुणगान करताना ही माणसं कुठे ठेवायची?

माळरान

ती माणसं याच धाग्यात ठेवायची, आणि तुम्ही ठेवलीत याबद्दल आभारी आहे. मी लिहायचं टाळलं हे खरं आहे.

मला जे दिसतं ते सांगतो. ज्या मांडणीनं बदाई-किशिलिक हजारी झाले तिच्यातच हे क्रौर्यही बसवलेलं आहे. नोकोर म्हणजे निवड, आणि निवड एकदाच करायची. शहर दरवाजे उघडून शरण आलं तर त्यावर अधिकारी बसवायचा, वसुली घ्यायची. (या अधिकाऱ्याचा मंगोल शब्द 'दरुगा', आपला दरोगा तोच.) शरण आलं नाही किंवा शरण येऊन उलटलं, तर दया नाही. कुळं मोडून माणसं तुकड्यांत विखुरता येत होती, पण तातारांच्या बाबतीत त्यानं तेही केलं नाही, सूडच घेतला. त्याचा सावत्र भाऊ बेलगुतेई यानं तो निर्णय तातारांना बोलून टाकला, तातार जिवावर उदार होऊन लढले, मंगोलांचेही पुष्कळ मेले. बेलगुतेईला शिक्षा झाली ती मोठ्या मसलतीत बसायचं नाही अशी. निर्णय चुकला असं कुणी म्हटल्याची नोंद नाही. मला ते समर्थनीय वाटत नाही आणि वाटू नये.

होकायंत्र

अवांतर: हिंदुस्थान थोडक्यात वाचला. नोव्हेंबर १२२१मध्ये सिंधूकाठी सुलतानाचा मुलगा जलालुद्दीन कोंडीत सापडला आणि घोड्यासकट त्यानं कड्यावरून नदीत उडी घेतली. चंगीझ खानानं बाण मारणाऱ्यांना थांबवलं आणि बाप असावा तर अशा मुलाचा, असं आपल्या पोरांना म्हणाला असं सांगतात. जलालुद्दीननं दिल्लीत आसरा मागितला. इल्तुतमिशनं दिला नाही.

काटेसावर

पंचहजारी, दहाहजारी या मनसबी याच दशमान तुकड्यांच्या वळणावरच्या का? पुरंदरच्या तहात संभाजीराजांना पंचहजारी मिळाली ती आठवली.

माळरान

हो, मुळं तिकडेच जातात. बाबर बापाकडून तैमूरचा आणि आईकडून चंगीझ खानाचा वंशज. मोगल म्हणजे मंगोलच.

सातासमुद्रापार

जुलैत उलानबातरला नादामच्या उत्सवात होते. घोडेस्वार नऊ पांढरी निशाणं घेऊन मैदानात येतात. घोड्यांच्या शेपटीचे केस, उंच काठ्या, वाऱ्यावर भुरभुरणारे. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. शेजारची म्हातारी उभी राहिली, टोपी सारखी केली आणि निशाणं मांडेपर्यंत हललीसुद्धा नाही. १२०६ तिच्यासाठी लांबचं साल नव्हतं.

रातराणी७

जामुखाचं काय झालं ते राहिलं. तो तर मानलेला भाऊ होता ना?

माळरान

हो, अंदा. लहानपणी ओनोनच्या बर्फावर दोघं जनावरांच्या घोट्याच्या हाडांनी खेळायचे. तीच हाडं एकमेकांना देऊन भाऊ झाले, नंतर बाण देऊन पुन्हा झाले. मोठेपणी दीड वर्ष एकत्र तळ ठोकून राहिले आणि मग तुटलं ते कायमचं. १२०१ साली जामुखा गुरखान, म्हणजे सगळ्या टोळ्यांचा खान, झाला, पण माणसं त्याच्याजवळ टिकली नाहीत. शेवटी उरलेल्या पाच साथीदारांनीच त्याला बांधून तेमुजिनच्या हवाली केलं. इनामाच्या आशेनं आले होते ते. तेमुजिननं जामुखाच्या देखत त्या पाचांना मारून टाकलं. आपल्याच धन्यावर हात टाकणाऱ्याला जिवंत ठेवता येत नाही, एवढंच कारण दिलं. जामुखाला पुन्हा साथीदार हो म्हणाला. जामुखानं नकार दिला आणि रक्त न सांडता मरण मागितलं. ते त्याला मिळालं.

हे सगळं 'मंगोलांचा गुप्त इतिहास' सांगतो. ग्रंथ राजघराण्यासाठीच लिहिलेला, त्यामुळे जामुखाच्या तोंडचे शब्द कुणी रचले असतील अशी शंका घ्यायला जागा आहे. पण त्याच ग्रंथानं कुत्र्यांची भीती, भावाचा खून, बायकोचं पळवलं जाणं हे काहीच झाकलेलं नाही.

जामुखाच्या जोडीला दुसरा एक प्रसंग ठेवतो. खोडा घालणारा तारगुताई आठवतोय ना? तायचिउतांचा पाडाव झाल्यावर शिरगुएतु नावाच्या म्हाताऱ्यानं आणि त्याच्या दोन मुलांनी तारगुताईला पकडलं. तो इतका लठ्ठ झाला होता की घोड्यावर बसवेना, गाडीत घालून आणत होते. वाटेत धाकटा मुलगा नया म्हणाला, हा आपला धनी आहे, याला घेऊन गेलो तर तेमुजिन आपल्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. त्यांनी तारगुताईला सोडून दिलं आणि रिकाम्या हातांनी येऊन झालं ते खरं सांगितलं.

ज्यानं गळ्यात खोडा घातला तो हातचा गेला. तेमुजिन म्हणाला, धन्याला सोडलंत ते बरोबर केलंत. १२०६ साली मधल्या तुमानाचा, म्हणजे दहा हजार स्वारांचा, सेनापती नेमायचा होता. त्यानं नयाचं नाव घेतलं.